ओल कुठवर जाते?

मे महिन्याच्या अखेरीस जळगाव जिल्ह्यातल्या कुठल्याही काळ्या रानात जावे. पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो आणि जमीन उललेली असते. भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत सहज जातो. अशाच एका मे महिन्यात मी एका भेगेत कळशीभर पाणी ओतले. पाहता पाहता ते दिसेनासे झाले. दुसरी कळशी चार हातांवरच्या, न उललेल्या जागी ओतली. तिथे मातीचा पापुद्रा फुगला, चिकट झाला आणि पाणी बराच वेळ तसेच थांबून राहिले. शेताचा मालक बांधावर उभा होता. त्याने विचारले, "भाऊ, पहिलं पाणी गेलं कुठं? आणि त्यात युरिया असता, तर तोबी तिथंच गेला असता का?"

हे पुस्तक त्या दोन प्रश्नांचे उत्तर शोधताना लिहिले गेले. पहिल्या प्रश्नाला मृदाभौतिकीत शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. दुसऱ्यासाठी पाण्याबरोबर रसायनाचाही हिशेब मांडावा लागतो. दोन्हींची उत्तरे एकत्र काढायची तर कागद-पेन्सिल पुरत नाही. संगणकावर प्रतिमान उभे करावे लागते. असे प्रतिमान म्हणजे काय, ते कशावर उभे असते, त्यावर कधी विश्वास ठेवायचा आणि खानदेशच्या मातीत ते कुठे अडखळते, एवढे सांगून मी वाचकाला पुढच्या प्रकरणांच्या स्वाधीन करणार आहे.

आधी जागा ओळखून घेऊ. जमिनीच्या पृष्ठभागापासून विहिरीतल्या पाण्याच्या पातळीपर्यंत जो पट्टा असतो, त्याला शास्त्रात असंपृक्त विभाग म्हणतात. तिथे मातीच्या पोकळ्यांत पाणीही असते आणि हवाही असते. शेतकऱ्याला ही अवस्था नवी नाही. पाऊस उघडल्यावर जादा पाणी निचरून जाते, हवा परत शिरते, औत घालण्याजोगी ओल उरते. त्याला आपण वाफसा म्हणतो. वाफसा म्हणजे असंपृक्त मातीची उत्तम स्थिती. या शास्त्राची सगळी समीकरणे त्या एका शब्दाच्या अवतीभवती फिरतात. फरक इतकाच, की शेतकरी वाफसा वीतभर खोलीपर्यंत पाहतो आणि आपल्याला तो साठ फूट खोलवर पाहायचा आहे.

तो पाहायची गरज का पडली, हे आकड्यांतच सांगतो. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या भूजल गुणवत्ता अहवालात नायट्रेटचा सर्वाधिक प्रादुर्भाव असलेले देशभरातले १५ जिल्हे नोंदले आहेत. त्यांतले सात महाराष्ट्रातले आहेत आणि त्या सातांत जळगाव आहे. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, अशी भारतीय मानक ब्यूरोची मर्यादा आहे. ती ओलांडलेले पाणी वरच्या दुधातून तान्ह्या बाळाच्या पोटात गेले, तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि बाळ निळे पडू शकते. नायट्रेटला रंग नाही, वास नाही. पाणी उकळून ते जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते.

ते येते कुठून? काळीतून येते आणि पांढरीतूनही. काळी म्हणजे पिकाची जमीन. रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीला झाडामागे सुमारे २०० ग्रॅम नत्र देण्याची शिफारस प्रचलित आहे. दीड मीटर बाय दीड मीटरवर लागवड केली तर हेक्टरी ४,४४४ झाडे बसतात, म्हणजे नत्र जवळपास ८९० किलो. पांढरी म्हणजे गावठाण: शोषखड्डे, गोठे, उकिरडे. युरिया असो की शेण, जमिनीतले जिवाणू त्यातल्या नत्राचे शेवटी नायट्रेट करतात. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत २०.७ किलो नत्र असते. ते सगळे नायट्रेट झाले, तर सुमारे ९२ किलो नायट्रेट होते. तेवढ्याने वीस लाख लिटर शुद्ध पाणी मर्यादेच्या रेषेला जाऊन टेकते. अर्थात सगळे नत्र खाली उतरत नाही. पीक आपला वाटा घेते, काही अमोनिया होऊन उडते, चिबड जमिनीत काहीचा पुन्हा वायू होतो. पण किती उरते आणि उरलेले कधी पोचते, हे ठरवल्याशिवाय सल्ला देता येत नाही. तो 'किती' आणि 'कधी' काढण्याचे साधन म्हणजे हे शास्त्र.

१८५६ मध्ये आंरी दार्सी या फ्रेंच अभियंत्याने दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम करताना वाळूच्या स्तंभांतून पाणी सोडून एक नियम शोधला: प्रवाह हा दाबातल्या उताराच्या प्रमाणात असतो आणि त्या दोघांना जोडणारा गुणक म्हणजे त्या मातीची वाहकता. पण त्याची वाळू पाण्याने पूर्ण भरलेली होती. १९०७ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या एडगर बकिंगहॅमने हा नियम असंपृक्त मातीला लावला. त्याच्या ध्यानात आले की इथे वाहकता स्थिर राहत नाही. ओल घटली की तीही घटते आणि थोडीथोडकी नव्हे, हजारो-लाखो पटींनी घटते. कारण सरळ आहे. मोठ्या पोकळ्या आधी रिकाम्या होतात आणि पाण्याला उरतात त्या बारीक, वळणांच्या वाटा. १९३१ मध्ये लोरेन्झो रिचर्ड्सने या नियमाला वस्तुमान अक्षय्यतेची जोड देऊन जे समीकरण मांडले, ते आज त्याच्या नावाने ओळखले जाते. हवामानाचे भाकीत गणिताने करण्याचा ध्यास घेतलेल्या लुईस फ्राय रिचर्डसनने तशाच स्वरूपाचे समीकरण १९२२ च्या आपल्या ग्रंथात आधीच मांडले होते. पावसाचा विचार करणारा माणूस मातीखाली पोचला, याचे मला फार अप्रूप वाटते.

बकिंगहॅमच्या निरीक्षणातून एक गोष्ट निघते, ती सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्याने लक्षात ठेवावी. ओली असताना जाड वाळू चिकणमातीपेक्षा कितीतरी वेगाने पाणी वाहून नेते. पण कोरडी होत गेली की तीच वाळू चिकणमातीपेक्षा मागे पडते, कारण तिच्या मोठ्या पोकळ्यांत हवा भरते. म्हणून बारीक मातीखाली गोट्यांचा थर असेल, तर वरची माती पुरती भिजेपर्यंत पाणी त्या सीमेवर अडून राहते आणि मग एकदम खाली सुटते. उतरण्याचा हा वेग सरासरीने सांगता येत नाही.

आता पाण्यात रसायन घाला. ते पाण्याबरोबर वाहते, हे वहन. जास्त संहतीकडून कमी संहतीकडे आपणहून पसरते, हे विसरण. एका पोकळीत पाणी वेगाने जाते आणि शेजारच्या पोकळीत रेंगाळते, त्यामुळे एकत्र निघालेले कण वाटेत मागेपुढे होतात, हे अपस्करण. शाळेच्या सहलीत मुले एकत्र निघतात आणि तासाभरात अर्धा मैल लांब रांग होते, तसे. याखेरीज काही रसायने मातीच्या कणांना चिकटतात आणि काही वाटेतच विघटित होतात. चिकटण्याचा परिणाम केवढा असतो, हे एका उदाहरणात पाहू. मातीची घनता घन सेंटिमीटरला १.३ ग्रॅम, ओल ३० टक्के आणि रसायनाचा चिकटण्याचा गुणांक ग्रॅममागे २ घन सेंटिमीटर धरला, तर ते रसायन पाण्यापेक्षा जवळपास दहापट सावकाश उतरते. नायट्रेटची गोष्ट याउलट आहे. त्यावर ऋण भार असतो आणि आपल्या काळ्या मातीतल्या चिकणकणांवरही ऋण भार असतो. माती त्याला जवळ करत नाही, म्हणून ते पाण्याच्या बरोबरीने आणि कधी किंचित पुढेही जाते.

पाणी किती वेगाने उतरते? जळगाव-धुळ्यात वर्षाकाठी साधारण ६०० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातला ९० मिलिमीटर मुळांच्या खाली उतरतो असे धरू आणि खालच्या मातीत ३० टक्के ओल आहे असे मानू. मग मुरलेले पाणी वर्षाला ३०० मिलिमीटर सरकते, म्हणजे वर्षाला एक फूट. पाणी साठ फुटांवर असेल तर साठ वर्षे. हा ढोबळ हिशेब आहे, पण त्यात या विषयाचे गांभीर्य आहे. आज विहिरीच्या तपासणीत जे दिसते, ते बहुधा मागच्या पिढीने जमिनीत घातलेले असते आणि आज आपण जे घालतो, ते नातवंडांच्या रहाटाला लागेल. इंग्लंडमध्ये हे घडून गेले आहे. तिथल्या खडूच्या खडकात नायट्रेट वर्षाला साधारण एक मीटर उतरते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अन्नधान्यासाठी गवताळ माळ नांगरले गेले, नंतर रासायनिक खते वाढली आणि त्याचे परिणाम पुढची कित्येक दशके भूजलात येत राहिले. खत कमी केल्यावरही विहिरी लगेच सुधारल्या नाहीत, कारण वाटेवरचा साठा उतरायचाच होता.

मग संगणक कशाला? रिचर्ड्सच्या समीकरणात वाहकता ओलीवर अवलंबून असते आणि ओल प्रवाहावर. दोघेही एकमेकांत अडकलेले असतात. एकसारखी माती, स्थिर प्रवाह अशा सोप्या परिस्थितीत नेमके उत्तर मिळते. वहन-अपस्करणासाठी ओगाटा आणि बँक्स यांनी १९६१ मध्ये दिलेले सूत्र आजही प्रतिमान तपासायला वापरतात. पण मृगाचा पाऊस, मग पंधरा दिवसांची उघडीप, मग ठिबक, मग पोळ्याची झड, अशा खऱ्या वर्षाला कुठलेच सूत्र पुरत नाही. तेव्हा जमिनीचे पातळ थर कल्पायचे आणि प्रत्येक थराचे एक खाते उघडायचे. वरून किती आले ते जमा, खाली किती गेले आणि मुळांनी किती उचलले ते खर्च, उरले ते शिल्लक. एका थराचा खर्च खालच्या थराची जमा होते. सगळी खाती एकाच वेळी जुळवायची, मग काळाचे एक पाऊल पुढे टाकायचे आणि पुन्हा जुळवायची. संख्यात्मक प्रतिमान एवढेच असते: खातेवही, जिच्यात लाखो नोंदी आहेत.

पण खातेवही चुकू शकते आणि चुकूनही नीटनेटकी दिसू शकते. म्हणून या पुस्तकात चुकांवर एक अख्खे प्रकरण आहे. थर फार जाड घेतले, तर प्रदूषणाची आघाडी संगणकावर आपोआप पसरते. हा पसरटपणा मातीचा नसतो, गणिताचा असतो. मातीचे अपस्करण पाच सेंटिमीटरचे असेल, तर थर दहा सेंटिमीटरपेक्षा जाड घेऊ नये, म्हणजे वीस मीटरला किमान दोनशे थर. काळाचे पाऊल एवढे मोठे नको की त्यात पाणी एक थर ओलांडून पलीकडे जाईल. सगळ्यात कठीण असतो तो तापलेल्या, कोरड्या जमिनीवरचा पहिला पाऊस. ओली आणि कोरडी माती यांच्यात चाकूने कापल्यासारखी सीमा तयार होते आणि तिथे साधी गणनपद्धत पाण्याचे वस्तुमानच हरवून बसते. १९९० मध्ये मायकेल सेलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समीकरण अशा रूपात सोडवून दाखवले, की हिशेबात पाणी हरवत नाही. मी विद्यार्थ्यांना पहिला नियम हाच सांगतो: रंगीत आलेख पाहण्याआधी जमाखर्चाचा ताळा पाहा. ताळा बसत नसेल तर आलेख मिटवून टाका.

इथवरचे शास्त्र कुठल्याही देशातल्या पुस्तकात मिळेल. ओल आणि मातीची पाणी धरून ठेवण्याची ओढ यांचे नाते सांगणारे व्हॅन गेनुख्टेन यांचे १९८० चे सूत्र जगभर वापरले जाते. त्यावर उभे असलेले हायड्रससारखे सॉफ्टवेअर विद्यार्थ्याला आपल्या लॅपटॉपवर चालवता येते. तरीही हे पुस्तक मराठीत आणि जळगाव-धुळे समोर ठेवून लिहावेसे वाटले, याचे कारण त्या दोन कळश्या.

पहिल्या कळशीचे पाणी रिचर्ड्सच्या समीकरणाने गेले नव्हते. ते समीकरण मातीला अखंड धरते. आपली काळी माती उन्हाळ्यात अखंड नसते. तिच्यातली फुगणारी चिकणखनिजे सुकली की आक्रसतात आणि जमीन उलते. शेतात मग दोन वाटा होतात. ढेकळांच्या पोटातून जाणारी वाट वर्षाला फूटभराची असते, भेगेतली वाट एका सरीत कित्येक फुटांची. शिवाय उन्हाळ्याचे बाष्पीभवन खालचे पाणी वर ओढते, त्याच्याबरोबर विरघळलेले नायट्रेटही वर येऊन पृष्ठभागाजवळ साचते. म्हणजे क्षार वर गोळा झालेले, जमीन उघडी पडलेली आणि त्यावर मृगाची पहिली जोरकस सर, हे तिन्ही आपल्याकडे एकाच आठवड्यात येतात.

भेगांच्या या वाटेने उत्तर किती बदलते ते पाहा. एखाद्या कीटकनाशकाचे अर्धायुष्य तीस दिवसांचे आहे. वर्षभराने त्याचा साधारण साडेचार हजारांतला एक भाग उरतो. फूट-वर्षाच्या वाटेने साठ फुटांवर पोचायला त्याच्याजवळ आयुष्यच नाही, म्हणून भेगा नसलेले प्रतिमान विहीर सुरक्षित असल्याचा निर्वाळा देते. भेगेच्या वाटेने मात्र त्यातला काही भाग मुळांचा, जिवाणूंचा प्रदेश एका रात्रीत ओलांडतो आणि खालच्या मुरमात जाऊन बसतो, जिथे विघटन मंद असते. मुरमाखाली फुटलेला बेसाल्ट असेल, तर पुढची वाट आणखी मोकळी. गेर्के आणि व्हॅन गेनुख्टेन यांनी १९९३ मध्ये दोन वाटांचे, एकमेकांशी देवाणघेवाण करणारे प्रतिमान मांडले. काळ्या रानासाठी निदान तेवढे तरी घ्यावे लागते. आणि त्यातही भेगांची रुंदी ओलीबरोबर बदलती ठेवावी लागते, कारण आठवडाभराच्या पावसात भेगा मिटतात आणि दुसरी वाट बंद होते.

शेतकऱ्यांनी या वाटेवर उपाय केलेलाच आहे. "एक कोळपणी, अर्धे पाणी" असे आपले लोक म्हणतात. कोळपणीने भेगांची तोंडे बुजतात आणि ओल टिकते. तीच कोळपणी रसायनाची उभी वाटही मोडते, हे प्रतिमानात स्पष्ट दिसते. भेगा मिटून वाफसा येईपर्यंत खताची मात्रा थांबवावी, ती ठिबकमधून थोडी थोडी द्यावी, हे सल्लेही त्याच हिशेबातून निघतात. ठिबक सिंचनाचे नाव देशभर नेणाऱ्या जळगावात या सल्ल्याला वेगळे महत्त्व आहे. मात्र ठिबकही आपोआप निर्दोष होत नाही. गरजेपेक्षा जास्त वेळ चालवले तर ओलीचा कांदा मुळांच्या खाली उतरतो आणि नायट्रेट त्याच्या कडेला जाऊन साठते.

खानदेशात सगळीकडे काळीच आहे असेही नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी रावेर, यावल, चोपड्याकडे दगडगोट्यांचा जो पट्टा आहे, त्याला बझाडा म्हणतात. तिथे पाणी झपाट्याने मुरते. तापीकाठी गाळाचे खोल थर आहेत, वाळू आणि चिकणमाती एकाआड एक. धुळ्याकडे बेसाल्टचे थर आणि त्यांना कापत गेलेल्या उभ्या कातळभिंती, म्हणजे डाईक. त्या कुठे पाणी अडवतात, कुठे वाट देतात. तीन पट्ट्यांना तीन प्रतिमाने लागतात आणि पुस्तकाचे तीन भाग त्यावरूनच पाडले आहेत.

या भागात भूजल वाढवण्याचे मोठे काम झाले आहे आणि पुढेही व्हायचे आहे. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद आणि खोल केले गेले, साखळी बंधारे बांधले गेले, कोरड्या विहिरींत जादा पाणी सोडले गेले. 'शिरपूर पॅटर्न' राज्यभर गेला. तापी महापुनर्भरण योजनेसाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात मे २०२५ मध्ये करार झाला. बझाड्याच्या पट्ट्यात पुराचे पाणी मुरवण्याची ही योजना आहे. तहानलेल्या मुलखाला या कामांची नितांत गरज आहे, यात मला शंका नाही. म्हणूनच त्यांच्यासोबत गुणवत्तेचा हिशेबही मांडला जावा, अशी माझी कळकळ आहे. असंपृक्त माती ही गाळणी आहे. खोल केलेल्या नाल्यात तिची जाडी घटते, विहिरीत थेट सोडलेल्या पाण्याला ती लागतच नाही. येणारे पाणी स्वच्छ असेल तर हे वरदान आहे. केळीच्या मळ्यांतून, गावाच्या गटारीवरून आले असेल, तर आधी थांबवून पाहावे लागेल. पाणी वर आल्यावर वाटेवरच्या मातीत दशकानुदशके साठलेले नायट्रेट त्यात विरघळेल का, हाही प्रश्न आहे. याची उत्तरे खोदकामाआधी संगणकावर काढता येतात. खोदकामाच्या खर्चाच्या मानाने हे काम स्वस्त आहे.

पण एक अट आहे, आणि तिच्यासाठीच मी ही प्रस्तावना लांबवली. प्रतिमानाला या मातीचे आकडे हवेत. परदेशी पुस्तकातल्या 'चिकणमाती' या ओळीतले आकडे उचलून रावेरचे उत्तर काढले, तर ते रावेरचे नसते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी पाण्याची पातळी आणि प्रत सांगतात. ती माहिती मोलाची आहे, पण ती वाटेच्या शेवटच्या टोकाची आहे. मधल्या साठ फुटांत काय चालले आहे, हे पाहायला मातीचे खोल नमुने घ्यावे लागतील, ओलीची ओढ मोजावी लागेल, मे आणि ऑगस्टमधल्या भेगा वेगवेगळ्या नोंदवाव्या लागतील. जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, धुळ्याचे कृषी महाविद्यालय, दोन्ही जिल्ह्यांतली अभियांत्रिकी महाविद्यालये इथल्या मुलामुलींना हे काम करता येण्याजोगे आहे. मातीचे खोल नमुने काढणारा एक ऑगर, पिशव्या, वजनकाटा, ओव्हन आणि नायट्रेट मोजण्याची सोय, एवढ्यावर सुरुवात होते. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी असे एक मोजमाप दिले आहे. वाचकाने समीकरण सोडले तरी चालेल, मोजमाप सोडू नये.

बांधावरच्या त्या शेतकऱ्याला मी त्या दिवशी उत्तर दिले नव्हते. आज देऊ शकतो, ते असे. दादा, पहिल्या कळशीचं पाणी भेगेच्या बुडाशी गेलं आणि तिथून मुरमात. त्यात युरिया असता तर तोही गेला असता, तुमच्या पिकाला न लागता. दुसऱ्या कळशीचं पाणी अजून वाटेवर आहे, वर्षाला फूटभर उतरतंय. तुमच्या शेतातला त्याचा खरा वेग मला ठाऊक नाही. तो मोजायला या मे महिन्यात, तुमची परवानगी असेल तर, ऑगर घेऊन मी पुन्हा येतो.